चूक न करता तेलुगू

रविवार, १७ ऑगस्ट. सकाळी ७.

नवी वही उघडली.

काल पियुषचा हैदराबादहून फोन. नातीचा, म्हणजे लास्याचा, अक्षराभ्यास वसंत पंचमीला करणार. २३ जानेवारी. तिकडची पद्धत अशी : ताटात तांदूळ पसरायचे, घरातल्या मोठ्या माणसाने मुलाचे बोट धरून पहिले अक्षर गिरवून घ्यायचे, चार शब्द बोलायचे, मग जेवण. विहीणबाईंनी सुचवले म्हणे की बोट लास्याच्या आजोबांनी धरावे, ते शिक्षक आहेत.

विहीणबाईंचे पहिल्यांदा काहीतरी पटले. चौतीस वर्षे उमरेडच्या शाळेत मराठी व्याकरण शिकवले. मले-तुले करत आलेली दोन पिढ्यांची पोरे मला-तुला करत बाहेर काढली. हैदराबादेत असा माणूस त्यांना कुठे मिळणार?

लास्या साडेचार वर्षांची. फक्त तेलुगू बोलते. मराठीचा एक शब्द नाही. पियुषला जाब विचारला. म्हणाला, बाबा, मराठी बोलायला लागलो की मलेच धाकधूक होते. ‘मलाच’, मी दुरुस्त केले. तो म्हणाला, आईला फोन द्या.

ठरले. समारंभात तेलुगूत भाषण करायचे. चाळीस वाक्ये. हातात पाच महिने.

सोमवार, १८ ऑगस्ट.

इंटरनेटवर एक लेख वाचला. मोठ्या वयात भाषा शिकणाऱ्यांना चुकांची भीती वाटते आणि त्यामुळे ते बोलतच नाहीत, असे त्यात होते. हसू आले. मला भीती वाटण्याचा प्रश्न नाही. मी चुका करत नाही.

पद्धत : आधी लिपी, मग व्याकरण, मग शब्दसंग्रह, आणि सगळे पक्के झाल्यावर तोंड उघडायचे. तोवर मौन. रोज वीस शब्द म्हणजे जानेवारीपर्यंत तीन हजार. बहुतेक तेलुगू लोकांनासुद्धा एवढे येत नसतील.

रविवार, २४ ऑगस्ट.

क्लासचा पहिला दिवस. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले अप्पाराव इथेच नागपुरात, अजनीला, आपल्या घराच्या गच्चीवर शिकवतात. गार्ड! आयुष्यभर हिरवा झेंडा दाखवलेला माणूस भाषा शिकवणार.

विद्यार्थी तीन. एक मी. दुसरी पायल, नर्स आहे, हैदराबादला नोकरी लागली आहे, प्रत्येक वाक्यानंतर खिदळते. तिसरे नत्थूजी, काटोलचे संत्र्याचे व्यापारी. सकाळच्या एसटीने येतात. तोंडात तंबाखूचा खर्रा. वही नाही. पेन माझे घेतले, परत दिले नाही.

नत्थूजी पहिल्याच तासाला अकरा वाक्ये बोलले. अकराही चूक. अप्पाराव टाळ्या वाजवत होते.

‘या’ असे आदराने म्हणण्यासाठी तेलुगूत जो शब्द आहे तो मी या वहीत लिहू शकत नाही. आपल्याकडे तो फक्त भांडणात वापरतात. पायल पंधरा मिनिटे हसत होती. मी गंभीर राहिलो.

मला बोलायला सांगितले. घसा बसला आहे असे सांगितले. तसा थोडा बसलाच होता.

गुरुवार, २८ ऑगस्ट.

लिपी म्हणजे जिलब्यांचे दुकान आहे. तरी बावीस अक्षरे झाली. माझे अक्षर अप्पारावांच्या अक्षरापेक्षा चांगले आहे.

प्रेमलता म्हणाली, मी पण येऊ का तुमच्या क्लासमधी? तिला समजावले की व्याकरणाचा पाया असावा लागतो. दहावी झालेली आहे, पण लग्नाला पस्तीस वर्षे होऊनही ‘मले’ सुटले नाही, तिथे तेलुगूचे काय घेऊन बसायचे. तिने वाद घातला नाही. समंजस आहे.

रविवार, ७ सप्टेंबर.

अप्पारावांचा होमवर्क : या आठवड्यात कोणाशीतरी तेलुगू बोलून दहा चुका करायच्या आणि त्या लिहून आणायच्या. शिक्षण कुठल्या थराला गेले आहे! चौतीस वर्षे मी चुका खोडत आलो, हे गृहस्थ त्या मागवताहेत.

रविवार, १४ सप्टेंबर.

नत्थूजींनी त्रेचाळीस चुका आणल्या. हैदराबादच्या एका अडत्याला फोन लावून ‘माल ताजा आहे’ म्हणायचे होते, ‘मी ताजा आहे’ म्हणाले. अडत्या पाच मिनिटे हसला आणि मग दोन गाड्या माल मागवला. नत्थूजी हे सगळ्यांना अभिमानाने सांगत होते. लाज ही गोष्ट काटोलपर्यंत पोचलेली दिसत नाही.

पायलने चौदा आणल्या.

मी एकही चूक केली नव्हती. अप्पारावांनी माझ्या वहीवर शून्य लिहिले. आयुष्यातले पहिले शून्य. मी म्हणालो, चुका शून्य म्हणजे गुण पूर्ण. ते म्हणाले, सर, तुम्ही कोणाशी बोललात? मी म्हणालो, अजून कोणाशी नाही. नत्थूजी मध्ये तोंड घालून म्हणाले, अरे मास्तर, मग चुकाल कसे? तुमी तं गाडीतच बसून नाई राहिले, अन् म्हणता अ‍ॅक्सिडेंट झाला नाई.

पाचकळ माणूस.

बुधवार, २४ सप्टेंबर. दुपारी ३.

प्रेमलता रोज तीन वाजता विहीणबाईंना फोन करते. आधी पाच मिनिटे असायचा, आता पाऊण तास. भाषा कोणती ते विचारू नये. अर्धी हिंदी, पाव वऱ्हाडी, उरलेले दोघींना जे सुचेल ते. आज अर्धा तास अंबाडीवर. अंबाडीच्या भाजीला तिकडे गोंगुरा म्हणतात हे समजल्यावर दोघी अशा ओरडल्या की जणू हरवलेली बहीण सापडली.

मी दार लावून क्रियापदे करत होतो. हसण्याचा आवाज दारातून येतो. प्रेमलता एवढी हसते हे मला माहीत नव्हते. माझ्याशी बोलताना ती मोजके बोलते. संस्कार.

रविवार, १२ ऑक्टोबर.

क्लासला गेलो नाही. अप्पाराव जोडीजोडीने संवाद करायला लावणार होते आणि माझी जोडी नत्थूजींशी होती. चुकीचे ऐकल्याने कान बिघडतो.

भाषणाचा आढावा. चाळीस वाक्ये म्हणजे समारंभ लांबतो, लहान मुलीला ताटकळत ठेवणे बरे नाही. बावीस केली. गुणवत्ता महत्त्वाची.

शनिवार, २५ ऑक्टोबर.

दिवाळीत पियुष एकटाच आला, सूनबाईंना सुटी नव्हती. व्हिडिओ कॉलवर लास्या. मला पाहून ‘तातय्या!’ म्हणाली. म्हणजे आजोबा. मग भराभर काहीतरी बोलली. मला त्यातले चार शब्द नक्की समजले. उत्तर तयार केले. पण ‘तू’साठीचा शब्द निवडला तर क्रियापदाचा शेवट बदलतो, तो मनात तपासत होतो. तोवर ती फोन सोडून खेळायला गेली.

प्रेमलताने फोन घेतला आणि तिला हाक मारून काहीबाही बोलली. तीन शब्द, त्यातला एक बहुधा मराठी. पोरगी परत आली आणि तिला आपली बाहुली, बाहुलीची चप्पल, दुसरी बाहुली दाखवत बसली.

नंतर प्रेमलताला सांगितले की तिचा दुसरा शब्द चूक होता. ती म्हणाली, असंन. पोरगी तं आली.

हा युक्तिवाद नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर.

क्लासला गेलो. नत्थूजी आता अप्पारावांशी भांडतात, तेसुद्धा तेलुगूत. वाक्याला ना शेंडा ना बुडखा. अप्पाराव त्याच भाषेत उत्तर देतात आणि दोघे मांडीवर थाप मारून हसतात. अंबिया बहाराची संत्री रोज हैदराबादला जातात म्हणे. आम्हा सगळ्यांसाठी टोपलीभर आणली होती. घेतली. चांगली होती. त्याचा भाषेशी संबंध नाही.

पायलचा निरोप समारंभ. तिने तेलुगूत भाषण केले. मी मागे बसून तिच्या चुका मोजल्या : एकोणीस. कागद तिला दिला, उपयोगी पडेल म्हणून. ती पहिल्यांदाच खिदळली नाही.

अप्पाराव मला जिन्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, सर, तुमची वही बघून मला घाम फुटतो, इतकी सुंदर आहे. फक्त एकदा माझ्यासमोर चुका. फक्त एक चूक.

माझ्या वहीची स्तुती केली, एवढे नोंदवतो.

सोमवार, १ डिसेंबर.

भाषण नऊ वाक्यांचे केले. नऊ हा सुटसुटीत आकडा आहे.

प्रेमलता दुपारी फोनवर एकच मराठी वाक्य हळूहळू तीनतीनदा म्हणत होती. वय झाले की माणूस तेच तेच बोलतो. तिला म्हणालो, एकदा सांगितलेले पुरे असते. ती दचकली आणि फोन घेऊन गच्चीवर गेली.

गुरुवार, ११ डिसेंबर.

थंडी. सर्दी. आवाज बसला. सराव बंद.

पडल्यापडल्या जुने आठवले. पाचवीला गावाहून उमरेडच्या शाळेत आलो. पहिल्या दिवशी मास्तरांनी विचारले, पुस्तक कोणाला मिळाले नाही? मी उभा राहून म्हणालो, मले नाही. वर्ग एवढा हसला की शेजारच्या वर्गातली मुले खिडकीत आली. मास्तरांनी मला तास संपेपर्यंत उभे ठेवले आणि ‘मला’ शंभर वेळा म्हणायला लावले. त्याच आठवड्यात आई डबा घेऊन शाळेत आली. व्हरांड्यातून तिने मोठ्याने हाक मारली, रुपा, तुले भाकर आणली गा. मी मान वर केली नाही. पोरे विचारायला लागली, कोण आहे ती? मी म्हणालो, माहीत नाही. ती डबा दारात ठेवून गेली.

त्यानंतर मी एकही चूक केली नाही. मास्तरांचे उपकार.

हे का लिहिले कळत नाही. सर्दीत डोळ्यांतूनही पाणी येते.

रविवार, २८ डिसेंबर.

प्रेमलताला सहज विचारले, तू विहीणबाईंशी तासभर बोलतेस, माझ्याशी का नाही? ती भाजी निवडत होती. म्हणाली, तुमच्यासंग बोलाचं म्हणजे वर्गात बसल्यावानी वाटते.

चौतीस वर्षांच्या अध्यापनाचा हा परिणाम. बरे वाटले.

रविवार, ११ जानेवारी.

भाषण चार वाक्यांचे. अप्पारावांना वाचायला दिले. म्हणाले, एकही चूक नाही, आता म्हणून दाखवा. घसा दाखवला. नत्थूजी म्हणाले, मास्तर, तुमचा घसा ऑगस्टपासून बसूनच हाय, त्याले आता उठवा.

हा माणूस पुन्हा भेटणार नाही, हाच आनंद.

बुधवार, २१ जानेवारी. गाडीत.

दिवसाची गाडी. बल्लारशाहला एक तेलुगू जोडपे समोर येऊन बसले. गृहस्थांनी मला विचारले, एक्कडिकि? म्हणजे कुठे निघालात? प्रश्न पूर्ण समजला. उत्तरही येत होते. ‘नातीच्या अक्षराभ्यासासाठी हैदराबादला चाललो आहे’ असे सविस्तर सांगावे म्हणून रचना केली. ‘साठी’ आधी की नंतर, यावर थोडा वेळ गेला. वही वरच्या बर्थवरच्या बॅगेत. ती काढली, तपासले, पाठ केले. वाक्य अगदी निर्दोष झाले. मान वर केली तर काझीपेट आले होते आणि गृहस्थ उतरत होते.

प्रेमलताने एवढ्या वेळात त्यांच्या बायकोशी हातवारे करून मैत्री केली, त्यांच्या डब्यातला चिंचेचा भात खाल्ला आणि ती उतरताना तिला मिठी मारली. नाव विचारायचे राहिले म्हणाली. ‘विचारायचं राहिलंच की वो’ असे म्हणाली. ‘वो’ नव्हे, ‘हो’.

गुरुवार, २२ जानेवारी. हैदराबाद.

विहीणबाईंच्या भावाने दारातच ‘या’साठीचा तो शब्द उच्चारला. अपेक्षित होता, तरी दचकलो.

लास्या माझ्याकडे लांबून बघते. मी हसून मान हलवतो. आज सगळा दिवस मान हलवली. मानेला रग लागली आहे.

भाषण एका वाक्याचे केले : ‘बाळ, खूप शीक.’ तीन शब्दांचे आहे. पक्के आहे. उद्या पाच महिन्यांचे फळ.

शुक्रवार, २३ जानेवारी. संध्याकाळी.

झाले ते क्रमाने लिहितो, म्हणजे दोष कोणाचा हे स्पष्ट राहील.

साठसत्तर माणसे. मी नव्या धोतरात, पाटावर. पुढे परात, परातीत तांदूळ. लास्या हिरव्या परकरात. भटजींचे मंत्र झाले. मी वाक्य जिभेवर ठेवून तयार होतो. तेवढ्यात विहीणबाई उभ्या राहिल्या. हातात एक कागद होता. त्यांनी सगळ्यांना तेलुगूत काहीतरी सांगितले आणि मग माझ्याकडे वळून, कागदात न बघता, मराठीत बोलल्या :

सर, तुमी आमच्या घरी आले, मले लय खुशी झाली. लास्याले आशीर्वाद द्या.

चार महिने शिकत होत्या म्हणे. रोज दुपारी, फोनवर, प्रेमलताकडून. मला माहीत असते तर मी प्रमाण मराठी शिकवली असती.

लोक टाळ्या वाजवणार होते. पण त्याआधीच माझ्या तोंडून निघाले : ‘तुम्ही’ आमच्या घरी ‘आलात’, ‘मला’ ‘खूप आनंद झाला’. ‘लास्याला’. स्वच्छ, मोठ्या आवाजात. घसा अजिबात बसलेला नव्हता.

मराठी तिकडच्या कोणाला येत नव्हती, पण सगळ्यांना समजले. टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच खाली गेले. विहीणबाई हसल्या, ‘सॉरी सर’ म्हणाल्या आणि कागदाची घडी करत बसल्या. खूप बारीक घडी केली. पियुष तांदळाकडे बघत होता. प्रेमलता माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. रागाने बघितले असते तर उत्तर देता आले असते.

मी लास्याचे बोट धरायला हात पुढे केला. तिने हात पाठीमागे नेला आणि आपल्या आईला विचारले :

तप्पु रास्ते तातय्या तिडतारा?

चुकीचं लिहिलं तर आजोबा रागावतील का?

वहीशिवाय, शब्दकोशाशिवाय पूर्ण समजलेले हे माझे पहिले तेलुगू वाक्य. संकेतार्थ शुद्ध, आदरार्थी क्रियापद शुद्ध. साडेचार वर्षांच्या मानाने उत्तम.

उत्तर एका शब्दाचे होते. ‘रागावणार नाही.’ तेलुगूत एकच शब्द होतो. वहीतला तक्ता क्रमांक अकरा. मला येत होता. फक्त मधल्या ‘ट’ला द्वित्त होते की नव्हते एवढेच बघायचे होते. मी बघितले. द्वित्त होते. मान वर केली तेव्हा पोरगी प्रेमलताच्या मांडीवर बसली होती आणि प्रेमलता तिचे बोट धरून तांदळात अक्षर काढत होती.

वाकडे आले. प्रेमलताला लिपी येते कुठे! वरची रेघ उलटीकडे गेली. दोघींनी ते बघितले, लास्या खो-खो हसली, पुसले, पुन्हा काढले. पुन्हा वाकडे. मग विहीणबाईही खाली येऊन बसल्या.

जेवण चांगले होते.

रविवार, २५ जानेवारी.

निघालो. प्रेमलता म्हणाली, मी राह्यतो इथं महिनाभर, पोरीले करमत नाही माह्याशिवाय. ‘राहते’, ‘माझ्याशिवाय’. ती म्हणाली, हो. बॅग भरून दिली. पियुष स्टेशनवर सोडायला आला. गाडी सुटेपर्यंत मोबाईलमध्ये बघत होता. मी खिडकीतून म्हणालो, विहीणबाईंना सांग, मराठी सुरू ठेवा, प्रयत्न चांगला आहे. तो म्हणाला, बाबा, त्यांनी वही बंद केली.

चिकाटी लागते. प्रत्येकात नसते.

शनिवार, ३१ जानेवारी. दुपारी ३.

नागपूर. ऊन चढायला लागले. खिचडी लावली होती, ती लागली.

फोन वाजला नाही. मी केला होता, प्रेमलता बाहेर होती, लास्याने उचलला. हॅलो म्हणाली. मी थांबलो. ती दोनदा हॅलो म्हणाली आणि मग कोणाला तरी सांगितले की पलीकडे कोणी नाही. हेही वाक्य समजले. प्रगती आहे.

आठवडाभर तपशीलवार नोंद ठेवतो आहे. सोमवारपासून आजपर्यंत या घरात भाषेची एकही चूक झालेली नाही.